नाझिया हसनचा स्मृतिदिन: ऐकण्याच्या बैठकीची तयारी कशी करावी?

कानसेन_ठाणे

१३ ऑगस्ट हा पाकिस्तानी पॉप गायिका नाझिया हसनचा स्मृतिदिन. २००० साली याच तारखेला, वयाच्या ३५व्या वर्षी, ती लंडनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेली. त्या संध्याकाळी ठाण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीसेक जणांची बैठक ठरते आहे. डीजे नाही, कराओके नाही, दोन तास फक्त तिचा आवाज.

हाताशी आहे ते असं: 'डिस्को दीवाने'ची एलपी (वेष्टनावर बुरशीचे ठिपके, एका बाजूला सुई उडते), 'यंग तरंग' आणि 'हॉटलाइन'च्या कॅसेट (पहिली कुईं कुईं करत अडकते), बेल्टवर चालणारं टर्नटेबल, साधा अँप्लिफायर, दोन उभे स्पीकर.

विचारायचंय ते हे. तबकडी घरच्या घरी कशी साफ करावी? अडकणारी कॅसेट वाचेल का? आणि गाण्यांचा क्रम काय ठेवावा? नुसती 'आप जैसा कोई' आणि 'डिस्को दीवाने' वाजवून लोकांनी चहाला उठू नये, एवढीच इच्छा.

तबकडीबहाद्दर

आधी तबकडी. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालेल), त्यात १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. दोनच, फेस दिसला की समजा जास्त झालं. मऊ मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसरा हात मारा. हा दुसरा हात बहुतेक जण टाळतात, आणि साबणाचा थर खाचेत वाळून तबकडी आधीपेक्षा जास्त चरचरते. भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करून तासभर वाळवा. ओली वाजवलीत तर सुटलेला मळ सुईवर गोळा होतो.

(हे मिश्रण एलपीसाठीच. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या, लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लागलं की ती गेलीच. नाझियाची ७८ कुणाकडे असणार नाही, पण कपाटात शेजारी आजोबांचं नाट्यसंगीत असतं, म्हणून सांगतोय.)

बुरशी असलेलं आतलं पाकीट फेकून द्या, नवं पॉलिथिनचं अस्तर असलेलं घ्या. बाहेरचं वेष्टन कोरड्या ब्रशने गॅलरीत झाडा, घरात नको. ऑगस्टच्या दमट हवेत ते कपाटात परत ठेवताना सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

सुई उडते त्याची कारणं तीन: मळ, कमी वजन, ओरखडा. साफ करूनही उडत असेल तर सुईचा दाब तपासा. चुंबकी कार्ट्रिजला (सुई बसवलेला पुढचा भाग) साधारण पावणेदोन ते दोन ग्रॅम लागतो. नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो. त्यात दिलेल्या वरच्या मर्यादेपर्यंत जा, पुढे नाही. हेडवर रुपयाचं नाणं ठेवायचा जुना उपाय करू नका. नाणं चारएक ग्रॅमचं, म्हणजे दाब तिप्पट होतो आणि खाच कायमची खरवडली जाते. उलट, फार हलका दाबही वाईट: सुई खाचेत धड न बसता भिंतींवर आपटत राहते.

आवाज बारीक आणि पत्र्यासारखा आला तर अँपला फोनो इनपुट (टर्नटेबलसाठीची खास जोडणी) नाही असं समजा. तबकडी कापताना बास मुद्दाम कमी आणि ट्रेबल मुद्दाम जास्त भरलेला असतो. तो उलटा करायला फोनो प्रीअँप लागतोच. आणि सतत घूंऽऽ ऐकू येत असेल तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर अँपच्या स्क्रूला जोडायची राहिली आहे.

फीतकृमी

कॅसेटबद्दल. कुईं कुईं बहुतेक वेळा फितीची नसते, डबीची असते. आतले गुळगुळीत कागद कोरडे पडतात आणि वर्षानुवर्षं न हललेली फीत घट्ट बसते. आधी कॅसेट सपाट धरून तळहातावर दोन्ही बाजूंनी चारपाच वेळा आपटा. मग न वाजवता पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. निम्म्या वेळा एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर डबी बदला. पाच स्क्रूची असेल तर सोपं: टेबलावर पांढरा कागद पसरा, उघडण्याआधी आणि उघडल्यावर फोटो काढा, दोन्ही चकत्या फितीसकट उचलून चांगल्या कॅसेटच्या रिकाम्या डबीत बसवा. फितीला बोट लावू नका. स्क्रू नसलेली, चिकटवलेली डबी असेल तर जोडाच्या रेघेवर ब्लेड फिरवून उघडावी लागते. ती परत बंद होत नाही, म्हणून नवी डबी आधी हाताशी हवी. मधली फेल्टची इवलीशी गादी पडलेली नाही ना, तेही बघा. ती नसली की फीत हेडला, म्हणजे ती वाचणाऱ्या भागाला, टेकत नाही आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो.

खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये (कॅसेट प्लेअरमध्ये) घालू नका, पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण होईल. तोंडाला मास्क लावून उघडा, गुंडाळीच्या कडा मऊ कोरड्या कापडाने टिपा, जुन्या डेकवर एकदाच वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. मग डेकचं हेड आणि रबराचं चाक पुसा.

आणि कुणी 'फीत ओव्हनमध्ये भाजा' म्हणालं तर ऐकू नका. तो इलाज स्टुडिओतल्या काही मोठ्या रिळांच्या चिकट झालेल्या फितींसाठी आहे. कॅसेटची डबी वाकडी होईल, बाकी काही नाही.

उतरवताना हेडचा कोन जुळवा. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूची मूळ जागा मार्करने खुणून ठेवा, आवाज मोनो करा आणि स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत टाळ्यांचा, झांजेचा आवाज सर्वांत कुरकुरीत येतो तिथे थांबा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. कॅसेटवर डॉल्बीची (खरखर कमी करणाऱ्या सोयीची) खूण नसेल तर डेकवरचं डॉल्बी बंद, नाहीतर ट्रेबल गायब होतो.

बैठकीत कॅसेट वाजवू नका, फाइल वाजवा. चाळीस माणसांसमोर फीत गुंतली की पेन्सिल शोधण्यात संध्याकाळ जाते.

कानसेन_ठाणे

दोघांचेही आभार. गुंडाळून पाहिली, आता 'यंग तरंग' चालते आहे. पण आवाज जरा चिरका वाटतो, नाझिया आणखीच लहान मुलगी वाटते. फितीचा दोष?

फीतकृमी

वेगाचा दोष. डेकचा नाहीतर ज्या डेकवर कॅसेट भरली त्याचा. नकली कॅसेटमध्ये हे सर्रास असायचं. वेग ३ टक्के जास्त असला की सूर साधारण पाव स्वर चढतो, सहाएक टक्क्यांना अर्धा, म्हणजे हार्मोनियमची पुढचीच पट्टी लागते. अधिकृत डिजिटल आवृत्तीतलं तेच गाणं लावा, हार्मोनियमवर दोन्हीचा सा शोधा, फरक कळेल. सॉफ्टवेअरमध्ये 'स्पीड' बदला, 'टेम्पो' नाही. टेम्पोने लय बदलते, सूर तिथेच राहतो.

कोरसमधली

क्रमाबद्दल. कालक्रम मोडू नका, कारण तिची कारकीर्द छोटी आहे आणि सरळ ऐकली तरच आवाज कसा मोठा होत गेला ते कळतं. १९६५चा जन्म, म्हणजे १९८०च्या 'कुर्बानी'च्या वेळी ती पंधराची. त्या चित्रपटाचं बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं, 'आप जैसा कोई' हे एकच गाणं संगीतकार बिद्दूचं. बिद्दू मूळचा बंगळुरूचा, पण इंग्लंडमध्ये डिस्कोत नाव काढलेला. एवढी प्रस्तावना पुरे, लगेच गाणं लावा.

लोकांना ऐकायला काय सांगायचं? एक, आवाजावर आवाज. तिचाच गळा दुहेरी ऐकू येतो, म्हणून तो रुंद आणि थोडा दूरचा वाटतो. दोन, हरकत-मुरकी जवळजवळ नाही. लता-आशाच्या तयार गळ्यांची सवय असलेल्या कानांना हा सरळ, किंचित नाकातला आवाज तेव्हा कच्चा वाटला असेल. पण संथ ठोक्यावर शब्द असे आळसावून टाकणं तयार गळ्याला जमलं असतं असं मला वाटत नाही. फिल्मफेअरवाल्यांनाही ते पटलं. पार्श्वगायिकेचं पारितोषिक तिलाच मिळालं.

मग 'डिस्को दीवाने' (१९८१). एलपीची एक बाजू सलग वाजवा, मध्ये कुणी बोलू नका. 'धुंधली रात' वगळू नका. डिस्को गायिका म्हणून शिक्का बसलेल्या मुलीचा संथ, उदास आवाज तिथे मिळतो, आणि माझ्या मते बैठकीचा मध्य तोच आहे. त्यानंतर 'बूम बूम' (१९८२, कुमार गौरवच्या 'स्टार'मध्ये वापरलेलं), 'यंग तरंग' (१९८४) मधलं 'आँखें मिलानेवाले', 'हॉटलाइन' (१९८७) मधलं एक. शेवटी 'कॅमेरा कॅमेरा' (१९९२), तिचा आणि भाऊ झोहेबचा शेवटचा अल्बम. पुढे गाणं मागे पडलं.

यादी इंटरनेटवरून जशीच्या तशी उचलू नका. 'लैला ओ लैला' 'कुर्बानी'तलंच, पण ते कांचन आणि अमित कुमार यांचं. 'हरी ओम हरी' आणि 'रंभा हो' उषा उत्थुपची, संगीत बप्पी लाहिरींचं. 'जिमी जिमी' पार्वती खानचं. ही चारही 'नाझिया हिट्स'मध्ये हमखास घुसतात. २०१२च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मधलं गाणं कुणी मागितलं तर द्या, त्यात तिचा मूळ आवाज वापरलेला आहे, पण चहाच्या वेळी.

तबकडीबहाद्दर

वरच्याला पूर्ण सहमत, आणि त्याला जोडून एक. डिस्को म्हटलं की कुणीतरी उठून बास पूर्ण फिरवतो. सोसायटीच्या हॉलच्या उघड्या भिंतींत तो घुमतो आणि नेमका तिचा पातळ आवाज बुडतो. टोन कंट्रोल मध्यावर ठेवा. जमिनीवर सतरंज्या, मागच्या भिंतीला जाड पडदा किंवा चादरी. शेवटच्या रांगेत फोनच्या मीटरवर ७५ ते ८० डेसिबल पुरे.

टर्नटेबल स्पीकरच्या टेबलावर नको. बास टेबलातून सुईत शिरतो, तोच परत स्पीकरमधून निघतो आणि हूंऽऽ वाढत जातं. वेगळ्या भक्कम टेबलावर शहाबादी फरशीचा दोन फुटी तुकडा, त्याखाली चार अर्धे कापलेले टेनिस बॉल, वर टर्नटेबल. नाच नाही म्हणता आहात, पण 'बूम बूम'ला कुणी उठलंच तर सुई उडणार नाही.

उत्तरलंडनकर

लंडनमध्ये कुणी असेल तर: तिची कबर हेंडन सेमेटरीत, मुस्लिम विभागात आहे. नॉर्दर्न लाइनने मिल हिल ईस्ट, तिथून पायी जाता येतं. या स्टेशनाचा फाटा फिंचली सेंट्रलला फुटतो, तिथे बहुधा गाडी बदलावी लागते. दफनभूमी मोठी आहे. आधी कार्यालयात विचारा, नुसतं शोधत फिरलात तर तास जातो. फोनवर गाणं लावायचं तर इअरफोन घाला, शेजारी दुसऱ्या घरची माणसं आलेली असतात.

कानसेन_ठाणे

शेवटचा प्रश्न. हॉलचे सेक्रेटरी 'परवाना लागतो का' विचारतात. गाणी चाळीस वर्षं जुनी आहेत, आता मोकळी झाली असतील ना?

कोरसमधली

नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९८१चा अल्बम २०४१ संपेपर्यंत बंदिस्तच आहे. सार्वजनिक कार्यक्रमात ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल आणि शब्द-चालीसाठी आयपीआरएस, अशा दोन संस्थांचे दोन वेगळे परवाने येतात. एक काढून दुसरा विसरणं ही नेहमीची चूक. तिकीट नाही, बाहेरचे लोक नाहीत, फक्त रहिवासी, असं असेल तर कायद्यात सवलतीची कलमं आहेत, पण ती तुमच्या बैठकीला लागू होतात का हे दोन्हीकडे लेखी विचारून उत्तर सेक्रेटरींना द्या. दारात देणगीची पेटी ठेवणार असाल तर तेही त्या पत्रात लिहा.

कानसेन_ठाणे

पेटी रद्द. फरशीचा तुकडा मिळाला, टेनिस बॉल मुलांकडून घेतले. एलपीची कुठली बाजू आधी, ते 'धुंधली रात' जिकडे आहे त्यावरून ठरवतो.