शरदबाबू तुमच्या घरी कसे आले? (अनुभव धागा)

खिडकीची जागा
परवा नागपूरहून हावड्याला चाललो होतो. कोलाघाटचा पूल लागला, खाली रूपनारायण, आभाळ भरलेलं. पूल संपला आणि एक बारकं स्टेशन झपकन मागे गेलं. पाटी तेवढी वाचता आली, देउलटी. तिथून जवळच सामताबेड. १९२६ पासून बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय, म्हणजे आपले शरदबाबू, तिथे राहत होते. आमची गाडी काही तिथे थांबत नाही.

एकदम आजी आठवली. चौथी शिकलेली. दुपारची भांडी आवरली की मामा वरेरकरांचे अनुवाद घेऊन बसायची, पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर. शरदबाबू आपल्याकडचेच कोणी असा तिचा समज. मी एकदा सांगितलं, अगं ते बंगाली. तर म्हणाली, "असेना का. पण त्याला आपली भावकी कशी ठाऊक?"

तुमच्याकडे कसे आले? लिहा.

चाफेकळी
आमच्याकडे बिंदूची गोष्ट! थोरल्या जावेचं मूल धाकटी वाढवते ती. आमच्या घरात तेच घडलंय. थोरल्या काकूंना चार, धाकटीला एकही नाही. त्यातला तिसरा धाकटीच्याच कुशीत वाढला. तिला आई म्हणायचा आणि सख्ख्या आईला मोठी आई. मग दोघींचं असं भांडण झालं की चुली वेगळ्या
थांबा, कुकर झाला. येते.

दीडशहाणा
देवदास अजिबात आवडला नाही. रडका मेला. गंमत म्हणजे लेखकालाही त्याची लाज वाटायची. विशी-पंचविशीत लिहून टाकला होता, छापून आला १९१७ ला. आणि लोकांना नेमका तोच माहीत.

निवांत४७
आनंदमठ पण यांचंच ना?

दीडशहाणा
ते बंकिमचंद्र हो.

निवांत४७
सॉरी, झोपेत टाइपलं.

हिशेबनीस
मी सरकारी अकाउंट्समध्ये, म्हणून हा माणूस मला जवळचा. १९०३ ला ब्रह्मदेशात गेले, रंगूनला हिशेबखात्यात कारकुनी. बायको आणि तान्हं मूल प्लेगने गेलं. १९१२ ला राहतं घर जळालं, पुस्तकं गेली, 'चरित्रहीन'चं हस्तलिखित गेलं. परत लिहिलं! माझी एक्सेल शीट उडाली तर मी दोन दिवस कोणाशी बोलत नाही. १९१६ ला नोकरी सोडून परतले तोवर इकडे नाव झालं होतं.

निवांत४७
टिळकही तेव्हा तिकडेच, मंडालेला. १९०८ ते १४.

हिशेबनीस
मंडाले कुठे, रंगून कुठे. पण हो, देश एकच. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी अन्नपूर्णा नाही
यांच्या बायका सतत कोणाला तरी जेवायला वाढत असतात. शेजारी बसून पंख्याने वारा. प्रेम हा शब्द तोंडातून निघणार नाही, पण पानावरून अर्धपोटी उठलात तर माझी शपथ! कॉलेजात असताना काटा यायचा अंगावर. आता सकाळी सहाला तीन डबे भरताना चिडचिड होते. तरी श्रीकांतमधली राजलक्ष्मी मात्र अजून सुटत नाही. त्या श्रीकांतला गदागदा हलवावंसं वाटतं.

दीडशहाणा
आमच्याकडे मी वाढतो. वारा सीलिंग फॅनचा.

मी अन्नपूर्णा नाही
वहिनींना नमस्कार सांगा.

बांधावरून
वडलांना वाचता येत नव्हतं. मी नववीत होतो, 'महेश' मोठ्यानं वाचून दाखवली. गफूर विणकर, पोरगी अमिना, आणि बैल महेश. पाण्याचा थेंब नाही, चारा नाही. तहानेला बैल पोरीला पाडून सांडलेलं पाणी चाटाया लागतो आणि गफूरच्या हातून त्याच्यावर घाव बसतो. मग रातोरात गाव सोडून बापलेक चटकलाकडं मजुरीला निघतात. पोरगी लोटा-थाळी उचलते तर बाप म्हणतो राहू दे, महेशच्या प्रायश्चित्ताला लागंल.
वडील उठून गोठ्यात गेले. बहात्तरच्या दुष्काळात आमचा सर्जा वैरणीपायी बाजारात गेला होता. त्याचं नाव घरात कोणी काढत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच काढलं.

चाफेकळी
दादा, काय लिहू.

निवांत४७
चटकल म्हणजे?

बांधावरून
तागाची गिरणी.

कोलाघाटी
नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं खरगपूरला होते. ते घर पाहिलंय. दुमजली, ब्रह्मी धाटणीचं. नदी तेव्हा म्हणे घरालगत होती, आता लांब गेलीय. आणि कोलाघाटचा इलिश खाल्ला की नाही, खिडकीवाले?

खिडकीची जागा
मी शाकाहारी.

कोलाघाटी
मग बंगालात करता काय!

हिशेबनीस
मासे बाजूला ठेवा जरा. 'पथेर दाबी'चं, त्यांच्या क्रांतिकारकांवरच्या कादंबरीचं, कोणी लिहिलं नाही. १९२६ ला पुस्तक आलं, जानेवारी १९२७ मध्ये सरकारने जप्त केलं. रवींद्रनाथ निषेध करतील अशी आशा होती, त्यांनी नाही केला. शरदबाबूंना ते फार लागलं. बंदी उठली १९३९ ला. हे गेले १६ जानेवारी १९३८.

दीडशहाणा
एका वर्षाने हुकलं. देवदासपेक्षा हे जास्त रडवणारं आहे.

चाफेकळी
आले. तर चुली वेगळ्या झाल्या आणि हा पाच वर्षांचा पठ्ठ्या आपली ताटली घेऊन दोन्ही दारांच्या मधल्या पायरीवर बसला. दोघी आतून बघतायत, आधी हाक कोण मारणार? आजोबांनीच शेवटी ओरडून दोघींना बाहेर काढलं. आई ते पुस्तक वाचून रडायची तेव्हा मला वाटायचं काकूंसाठी रडते.

मी अन्नपूर्णा नाही
मग जेवला कोणाकडे?

चाफेकळी
दोन्हीकडे. अजून तसाच जेवतो.

कोलाघाटी
खिडकीवाले, परतायच्या आधी हावड्याहून लोकलने देउलटीला जाऊन या. स्टेशनबाहेर टोटो, म्हणजे ई-रिक्षा, मिळते. आणि आजीचं ते पुस्तक आहे का अजून?

खिडकीची जागा
मावशीकडे आहे. देत नाही.