अँटी-एचबीएस टायटर ४ आलं, म्हणजे लस संपली का?

डायलिसिसची सिस्टर
हिपॅटायटिस बी लशीचे तिन्ही डोस २०११ मध्ये घेतले. दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे लशीमुळे बनणाऱ्या अँटिबॉडीचं टायटर २१० होतं, तो कागद जपून ठेवलाय. गेल्या आठवड्यात पुन्हा केलं तर ४! रिपोर्टवर छापलंय, १० च्या खाली म्हणजे संरक्षण नाही. रोज सुया हाताळते, घरी लहान मुलगी आहे, झोप उडालीय. शरीराला लस आठवते का, हे मोजणारी वेगळी तपासणी असते का?

प्लेटवाला
असते, ताई. टायटर म्हणजे आज रक्तात किती अँटिबॉडी आहे, एवढंच. आठवण असते मेमरी बी पेशींत, आणि त्या निवांत पडून असतात, अँटिबॉडी सोडत नाहीत. म्हणून एलायझात, म्हणजे टायटर मोजणाऱ्या तपासणीत, त्या दिसत नाहीत.

आम्ही त्या पेशी मोजायला एलिस्पॉट नावाची तपासणी करतो. हेपारिनच्या नळीतलं रक्त त्याच दिवशी फायकॉल नावाच्या दाट द्रवावर चढवायचं, पिपेट तिरकी धरून अगदी सावकाश. थर मिसळले की नमुना गेला. सेंट्रिफ्यूजनंतर मधे पांढुरकं कडं दिसतं, त्यातल्या पेशी घ्यायच्या. मग आर८४८ आणि आयएल-२ ही पेशींना चेतवणारी द्रव्यं घालून पाच-सहा दिवस ३७ अंशांवर ठेवायच्या, तेव्हा कुठे त्या जाग्या होतात. मग लशीतलं प्रथिन चिकटवलेल्या प्लेटवर. तिथे मात्र प्लेट हलवायची नाही, ठिपके फरपटतात. एक ठिपका म्हणजे अँटिबॉडी सोडणारी एक पेशी. टायटर १० खाली असलेल्यांच्या वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) ठिपके उठलेले मी स्वतः मोजलेत, आणि शेजारची प्रथिन नसलेली वेल कोरी होती. दरवेळी मला तेवढाच आनंद होतो.

डायलिसिसची सिस्टर
मग ही कुठे करून मिळेल?

प्लेटवाला
ही संशोधनातली तपासणी. किती ठिपके म्हणजे पुरेसे, याचा सर्वमान्य आकडाच नाही. तुम्हाला तिची गरजही नाही, तुमचा २१० चा कागद मोलाचा आहे. तीन डोसांनंतर एकदा १० च्या वर गेलेल्या निरोगी माणसाला नंतर टायटर उतरलं तरी सहसा बूस्टर लागत नाही. या विषाणूला आजार करायला काही आठवडे ते महिने लागतात, तेवढ्यात मेमरी पेशी कामाला लागतात.

वॉर्डातली दुसरी
माझं डोसांनंतर कधी तपासलंच नाही, आता ६ आलंय.

प्लेटवाला
तुमचं वेगळं. एक डोस घ्या, एक-दोन महिन्यांनी टायटर करा. १० च्या वर गेलं तर ठीक. नाहीच चढलं तर डॉक्टरांना विचारून उरलेले दोन डोस पुरे करा, आणि पुन्हा तपासा. आणि दोघींनीही, सुई टोचली तर त्याच दिवशी कळवा, टायटर काहीही असो.