उत्तर : रिझर्व्ह बँकेची स्वायत्तता

एक मत असं आहे की २०१६ साली ४ टक्के महागाईचं लक्ष्य आणि व्याजदर ठरवणारी पतधोरण समिती आली, तेव्हा कुठे रिझर्व्ह बँकेला खरं स्वातंत्र्य मिळालं. मला वाटतं, खरी गाठ त्याआधीच सुटली होती. पूर्वी रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातली सरकारची शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की 'अ‍ॅड-हॉक' ट्रेझरी बिलं (सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रं) आपोआप निघायची आणि बँकेला ती घ्यावीच लागायची. व्याज फक्त ४.६ टक्के! म्हणजे तूट सरकारची, ती भरायला नोटा बँकेच्या. असं असताना रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ठरवून करणार काय? सप्टेंबर १९९४ मध्ये मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि रंगराजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना सरकार आणि बँकेत ही बिलं बंद करण्याचा करार झाला, आणि एप्रिल १९९७ पासून ही पद्धत बंद पडली. लक्ष्यबिक्ष्य त्यानंतरचं.