धुव्वा, फज्जा आणि बोजवारा

‘धुव्वा, फज्जा, बोजवारा हे तिन्ही शब्द एकच, कुठलाही वापरा’ असं या धाग्यात वर कुणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. तिन्ही ‘उडतात’ हे खरं, पण नेमकं कशाचं काय उडतं ते बघा. धुव्व्याला समोर प्रतिस्पर्धी लागतो: ‘पाहुण्या संघाचा धुव्वा उडवला’. बोजवारा व्यवस्थेचा उडतो, म्हणजे वाहतुकीचा, पाणीपुरवठ्याचा, वेळापत्रकाचा. ‘संघाचा बोजवारा उडाला’ हे वाक्य म्हणूनच कानाला खटकतं. फज्जा ठरवलेल्या गोष्टीचा, बेताचा किंवा नियमाचा. शिवाय तो खाण्याचाही उडतो, आणि ‘लाडवांचा फज्जा उडवला’ यात अपयश कुठेच नाही, ताट रिकामं झालं एवढंच. हा अर्थ उरलेल्या दोघांना नाही.

धाग्यात खेळखंडोबा आलाच नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत नेमका तोच. तो एका फटक्यात होत नाही. वीज दिवसातून पाच वेळा येते-जाते, परीक्षेची तारीख तिसऱ्यांदा बदलते, तेव्हा तो शब्द बसतो. म्हणून त्याला ‘मांडलाय’ किंवा ‘चाललाय’ शोभतं, ‘उडाला’ नाही. बोऱ्या आणि तीनतेरा मात्र वाजतात, त्यातही तीनतेरा अनेकवचनी. ‘बोजवारा वाजला’ असं हल्ली छापून येतं, ती बोऱ्याशी झालेली सरमिसळ आहे, टाळावी. आणि पानिपत (१४ जानेवारी १७६१) मोठ्या तयारीनिशी उतरून झालेल्या दारुण पराभवासाठीच राखून ठेवा. फसलेल्या सहलीला तो शब्द लावला की त्याचं वजन जातं.