बाबांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार. माझे वडील गेल्या वर्षी गेले. स्थापत्य अभियंता होते, आयुष्यभर पूल बांधले. साइटवरून कितीही उशिरा आले तरी आम्हा भावंडांच्या वह्या पाहिल्याशिवाय झोपत नसत. त्यांच्या नावाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवावी, असं आईच्या मनात आहे.

अडलंय ते पैशांच्या रचनेवर. मुद्दल कायम ठेवून फक्त उत्पन्नातून द्यायचं, तर दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्केच वाटता येतात, कारण महागाईपोटी काही व्याज परत मुद्दलात घालावं लागतं. रक्कम छोटी, पण कायमची. मुद्दलासकट १० वर्षांत वाटून टाकलं, तर मोजक्या मुलांची पूर्ण फी भरता येईल. मला हा दुसरा मार्ग पटतो. पण बाबांचं नाव राहावं ही आईची इच्छा मोडवत नाही.

नुसत्या गुणांवर देणार नाही, घरची परिस्थितीही पाहायची, एवढं नक्की. निवड समितीत घरच्यांनी बसावं का, की सगळं कॉलेजवर सोपवावं? आणि करारात काय लिहून घ्यावं, विशेषतः तो अभ्यासक्रमच पुढे बंद झाला तर? ज्यांनी असा निधी उभा केलाय, त्यांनी कृपया अनुभव सांगा.