मदत हवी आहे : गेमच्या मॉडचे पैसे घ्यावेत का, आणि किती?

मंडळी, खानापूरच्या माझ्या मावसभावाने 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' या बस चालवायच्या गेमसाठी आपली लालपरी बनवलीय. यालाच मॉड म्हणतात, मूळ गेममध्ये बाहेरच्या कुणी बनवून घातलेली भर. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, रात्र रात्र जागून. काचेवर 'बेळगाव-कोल्हापूर, निपाणीमार्गे' अशी पाटी, चाकांच्या वर चिखलाचे शिंतोडे, खिडकीचा एक गज वाकलेला (तो हवाच!). फुकट वाटत होता तोवर सगळे खूश. आता एका चॅनलवाल्याने तीच फाइल पासवर्ड लावून विकायला काढलीय, याचं नाव पुसून. मावशीचं एकच पालुपद, "एवढं डोळं फोडून मिळालं काय?"

तसं 'काउंटर-स्ट्राइक' हा गेमसुद्धा मुळात 'हाफ-लाइफ' या गेमचं मॉडच. पुढे 'हाफ-लाइफ'च्या कंपनीने, व्हॉल्व्हने, ते विकत घेतलं. पण २०१५ मध्ये स्टीम या व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन दुकानात 'स्कायरिम' गेमची मॉड विकायला ठेवली, तेव्हा बनवणाऱ्याच्या हातात फक्त २५ टक्के. राबणारा एक आणि तीन वाटे मालकांचे, आपल्याकडे बटईनेसुद्धा कुणी रान करणार नाही अशाने! खेळणारे भडकले आणि काही दिवसांतच ते गुंडाळलं.

आता निपाणीचा एक ट्रॅव्हल्सवाला स्वतःच्या गाडीचं मॉड करून मागतोय. माझ्या मते फाइल विकू नये, कामाची मजुरी घ्यावी. पण ती तासावर लावायची की उक्ती? लालपरीवर एसटीचं बोधचिन्ह आहे, त्याचे पैसे घेतले तर अंगाशी येईल का? आणि त्या चॅनलवाल्याची तक्रार नेमकी कुठे करायची? हे काम केलेलं कुणी असेल तर सांगा. पोराला पुढच्या आठवड्यात भाव कळवायचाय.