आमच्या प्रभागाचा सदस्य : आपापले अनुभव लिहा

पळसबन

मागच्या आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर प्रभागांच्या प्रारूप मतदार याद्या लागल्या. आखराकडच्या, म्हणजे गावाची गुरे जमतात त्या बाजूच्या, आमच्या ओळीतील तेवीस घरे प्रभाग दोनमधून निघून प्रभाग तीनमध्ये गेलेली दिसली. ती यादी वाचता वाचता मला आई सदस्य होती ते दिवस आठवले, म्हणून हा धागा काढत आहे.

राळेगाव तालुक्यातील आमच्या गावात १९९७ साली आई स्त्रियांसाठी राखीव जागेवरून निवडून आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पहिल्या तीन-चार मासिक सभांत प्रोसिडिंग बुक, म्हणजे ठराव लिहायची वही, तिच्यापुढे सरकवले जाई, ती अंगठा देई आणि घरी येई. एके दिवशी मात्र तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "आंधी काय लिवलं हाय थे वाचून दाखवा, मंग देतो आंगठा." ग्रामसेवकांनी घाईघाईने दोन ओळी वाचल्या. पुढच्या सभेला ती मला बरोबर घेऊन गेली. मी तेव्हा सातवीत होते. त्या दिवशीच्या ठरावात नव्या अकरा पथदिव्यांची यादी होती आणि त्यांतील एकही खांब आखराकडे नव्हता. मी ते मोठ्याने वाचले. यादी लगेच बदलली नाही, ती पुढच्या उन्हाळ्यात बदलली आणि आमच्या ओळीला दोन दिवे मिळाले. त्या दोन दिव्यांसाठी आईने पंचायत समितीच्या किती चकरा मारल्या हे मी पाहिले आहे, त्यामुळे प्रभागाची हद्द कोठून जाते याचे मला फार वाटते.

आपल्या गावात किंवा शहरात सदस्य खरोखर आपला वाटला, किंवा अजिबात वाटला नाही, असा प्रसंग असेल तर अवश्य लिहा.

धानाची बांधी

ताई, आईंना नमस्कार सांगा. आम्ही गोंदिया जिल्ह्यातील एका गट ग्रामपंचायतीतील टोल्यावर, म्हणजे मुख्य गावापासून वेगळ्या लहान वस्तीवर, राहतो. टोल्यावर नव्वदच्या आसपास मते आहेत आणि आमचा प्रभाग मुख्य गावातील दोन मोठ्या ओळींना जोडलेला आहे. प्रभागातून तीन सदस्य निवडायचे असतात, म्हणजे कागदोपत्री आम्हाला तीन प्रतिनिधी आहेत. परंतु माझ्या आठवणीत तिघेही कायम मुख्य गावातीलच राहिले, कारण पॅनेल तेथे बसून ठरते. पावसाळ्यात बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवरून टोल्यापर्यंत बैलबंडीसुद्धा येत नसे आणि गरोदर बाईला खाटेवर घेऊन जावे लागे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सरपंचाची निवड थेट जनतेतून झाली, तेव्हा प्रथमच सरपंचपदाचे चारही उमेदवार चिखल तुडवत टोल्यावर आले. संपूर्ण गावाची मते एकत्र मोजली जाणार असल्याने आमच्या नव्वद मतांना वजन आले होते. निवडून आलेल्या सरपंचांनी मुरूम टाकून रस्ता करण्याचा शब्द दिला होता. मात्र बहुतेक सदस्य विरोधी पॅनेलचे होते आणि जवळजवळ वर्षभर मासिक सभांना गणपूर्तीच होत नव्हती. रस्ता तिसऱ्या वर्षी झाला. थेट निवडीची पद्धत २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. या काळात मी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐकले. तरीही माझे मत असे आहे की लहान वस्तीसाठी थेट निवडच बरी, कारण निदान एकदा तरी कोणी दारात येतो.

तुरीचे खळे

थेट निवड नसताना, म्हणजे सदस्यच आपल्यातून सरपंच निवडत तेव्हा, आमच्याकडे काय झाले ते सांगतो. १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान झाले आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निकालानंतर निघाली. पद अनुसूचित जमातीच्या स्त्रीसाठी राखीव झाले. बहुमत मिळालेल्या पॅनेलमध्ये त्या प्रवर्गातील एकही स्त्री नव्हती, त्यामुळे दुसऱ्या पॅनेलच्या एकट्या सदस्य बाई सरपंच झाल्या. त्यांना पहिली दोन वर्षे फार त्रास झाला. स्त्री सरपंचावरील अविश्वास ठरावाला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, या एका तरतुदीमुळे त्या टिकल्या आणि पाणीपुरवठ्याचे काम पूर्ण करून गेल्या.

चाळिशीतली सून

मी ज्या जागेवर उभी राहिले ती खरे तर माझ्या जाऊबाईंना मिळायला हवी होती, कारण गावात त्यांचे बोलणे लोक ऐकतात. बचत गटाचे हिशेब त्या तोंडपाठ सांगतात. पण त्यांना तिसरे अपत्य १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेले आहे, त्यामुळे त्या अपात्र ठरतात. पहिल्या दोन मुली होत्या आणि तिसऱ्या बाळंतपणाचा निर्णय घेताना त्यांना कोणी विचारले नव्हते. हा नियम लोकसंख्येचा विचार करून केला असेल, मी त्याला वाईट म्हणत नाही. परंतु ज्या घरात बाईच्या हाती काहीच नव्हते, त्या घरातील बाईचीच उमेदवारी त्याने गेली, याचे मला आजही वाईट वाटते. अखेरीस मी उभी राहिले आणि निवडून आले. सभेला जाण्याच्या आदल्या रात्री मी अजूनही त्यांच्याकडेच बसते.

स्वयंपाक व्हायचा आहे, बाकीचे नंतर लिहीन.

पळसबन

जाऊबाईंबद्दल नक्की लिहा, वाट पाहते.

कोरडवाहू

आमचे गाव तालुक्याचे ठिकाण असल्याने सुमारे दहा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. सतरा प्रभाग झाले आणि प्रत्येक प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जाऊ लागला. आमच्या प्रभागात साडेतीनशेच्या आसपास मते आहेत. नगरसेवक आमच्याच गल्लीतला असल्यामुळे नाली तुंबली की सकाळी सहाला त्याच्या दारात उभे राहता येते आणि दुपारपर्यंत माणूस येतो. हे सुख ग्रामपंचायतीत नव्हते, ते मान्य केले पाहिजे.

परंतु ग्रामसभा गेली, ही माझ्या वडिलांची खंत आहे. ते २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा कधी चुकवत नसत. पांढरे धोतर नेसून, मागच्या सभेतील प्रश्न चिठ्ठीवर लिहून ते जात आणि उभे राहून विचारत. नगरपंचायतीच्या सभेत बोलण्याचा अधिकार निवडून आलेल्यांना आहे. पिण्याच्या पाण्याची टाकी गळते आहे. ती टाकी ज्या प्रभागात आहे तेथील नगरसेवक म्हणतात की पाणी साऱ्या गावाचे आहे, आणि आमचे नगरसेवक म्हणतात की टाकी आपल्या प्रभागात नाही. सतरा जण आपापल्या गल्लीचे झाले आणि साऱ्या गावाचा प्रश्न कोणाला विचारावा हे वडिलांना कळेनासे झाले. ती चिठ्ठी ते अजूनही लिहितात आणि मला देतात.

मोहफूल

कोरडवाहू, आपल्या वडिलांना आमच्याकडे घेऊन या. मी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याचा आहे. जवळच्या मेंढा (लेखा) गावाने "आमच्या गावात आम्हीच सरकार" असे फार पूर्वीच ठरवले, आणि तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच सवयीच्या बळावर. आमचे गाव तितके पुढे गेलेले नाही. तरी पेसा हा अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी गावांच्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा आहे, त्याच्या २०१४ च्या राज्याच्या नियमांमुळे वस्तीलासुद्धा स्वतःचे गाव म्हणून घोषित होण्याचा मार्ग आहे, आणि आमच्या पाड्याने तो प्रस्ताव दिला तेव्हा आम्ही सलग तीन रात्री बसलो होतो. पहिल्या रात्री बायका मागे बसल्या होत्या. तिसऱ्या रात्री हद्दीतील झाडे कोणती आणि नाला कोणता हे त्याच सांगत होत्या, कारण सरपणाला आणि मोहफुलाला त्याच जातात.

धानाची बांधी, तुमच्या टोल्याला हा मार्ग मिळावा असे फार वाटते, पण गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही.

धानाची बांधी

होय जी, तेथेच अडते. आमच्या टोल्यावर सारी गोंडांचीच घरे आहेत.

खडू आणि शाई

मी शिक्षक असून २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदेच्या निवडणुकीत मतदान केंद्राधिकारी होतो. नगराध्यक्षाचे एक आणि प्रभागातील सदस्यांची दोन, अशी तीन मते द्यायची होती. एक वृद्ध आजी एक बटण दाबून निघाल्या आणि त्यांना परत बोलवावे लागले. त्या म्हणाल्या, "एकाच मानसाले वळखतो मी, बाकीच्याईले कायले देऊ?" मी त्यांना नोटाचे बटण कशासाठी असते ते समजावून सांगितले. मोठ्या प्रभागात दोन सदस्य असतात, पण ओळखीचा एकच असतो, ही त्यांची अडचण मला खरी वाटली. निकाल २१ डिसेंबरला लागला, तोपर्यंत त्या आजी रोज शाळेपुढून जाताना विचारत असत.

पळसबन ताई, आपल्या मूळ प्रश्नाबद्दल एक सांगणे आवश्यक आहे. ही यादी विधानसभेच्या मतदार यादीवरून विभागलेली असते, म्हणून हरकतीत नवे नाव घालता येत नाही. परंतु एखादे घर चुकीच्या प्रभागात पडले असेल तर ती चूक दुरुस्त होऊ शकते. मात्र प्रभागाची हद्दच बदलली असेल, तर ती हरकत प्रभागरचनेच्या वेळीच द्यावी लागते. म्हणून प्रथम नकाशा पाहा आणि आखराची ओळ हद्दीच्या कोणत्या बाजूला दाखवली आहे ते तपासा. हरकतीची मुदत फार थोडी असते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पळसबन

सर, मनापासून आभार. आज दुपारी नकाशा पाहून आले. हद्द आमच्या ओळीच्या पलीकडच्या नाल्यावरूनच दाखवली आहे, म्हणजे घरे प्रभाग दोनमध्येच असायला हवीत. अर्ज लिहिला आहे. तेवीसपैकी एकोणीस घरांच्या सह्या झाल्या, चार घरची माणसे कापूस वेचायला गेली आहेत, ती संध्याकाळी येतील. आईने अर्ज मला दोनदा वाचून दाखवायला लावला आणि मगच अंगठा दिला.